तापाचा कितवा दिवस? आयसीयूतला गंभीर ताप हाताळताना

रात्री उशिरा तापाचा रुग्ण आयसीयूत येतो. डोळे पिवळे, धाप लागलेली, बोलणं असंबद्ध. सोबतच्या कागदांत प्लेटलेट २२,००० आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ४.१. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस, टायफॉइड, की रक्तात भिनलेला दुसराच कुठला जंतुसंसर्ग? त्या क्षणी छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. मी शिकत होतो तेव्हा आमचे वरिष्ठ अशा वेळी रोगाचं नाव विचारत नसत. ते विचारायचे, "आज तापाचा कितवा दिवस?" उत्तर आलं नाही तर आम्हाला पुन्हा नातेवाइकांकडे पिटाळायचे. तेव्हा त्याचा राग यायचा. आता मी तेच करतो.

हा लेख रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांसाठी आणि आयसीयूतल्या परिचारिकांसाठी आहे. मात्रा मोठ्या माणसांच्या आहेत. मुलांचं वेगळं असेल तिथे तसं लिहिलंय. वरिष्ठांना फोन करायचा तो करायचाच, हे वाचलं म्हणून टाळायचा नाही.

पायरी १: पहिली दहा मिनिटं

श्वासमार्ग, ऑक्सिजन, दोन जाड सुया हे हात आपोआप करतात. त्यात एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे बोटातली साखर. गंभीर मलेरियात, यकृत निकामी होताना, क्विनीन दिलेल्या रुग्णात साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली जाते आणि मेंदूला सूज आल्यासारखं चित्र उभं राहतं. सीटी स्कॅनला पाठवण्याआधी साखर बघा. एकदा ठीक आली म्हणून सोडू नका, बेशुद्ध रुग्णात दर चार तासांनी पुन्हा.

दुसरं, रक्तदाबाचे दोन्ही आकडे वाचा. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की वरचा आकडा बराच वेळ तग धरतो आणि खालचा चढत जातो. १००/८४ हा आकडा मॉनिटरवर निर्धास्त दिसतो, पण दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याहून कमी म्हणजे रुग्ण शॉकमध्ये आहे. हात लावून बघा. तळवे गार आहेत का? नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का?

तिसरं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९८ टक्के, तरी श्वास ३६ आणि खोल. हा न्यूमोनिया नव्हे. रक्तात आम्ल साठलंय आणि शरीर ते श्वासावाटे फेकू पाहतंय. लगेच रक्तवायूंची तपासणी आणि लॅक्टेट (रक्तात साठणाऱ्या आम्लाची तपासणी) पाठवा. असा रुग्ण ट्यूबवर घ्यावा लागला तर व्हेंटिलेटरचा दर सवयीने १४ वर लावू नका. तो स्वतः ३६ ने जे करत होता ते एका क्षणात थांबतं आणि दहा मिनिटांत हृदय बंद पडू शकतं.

पायरी २: दिवस मोजा

नातेवाईक "चार-पाच दिवस झाले" असं म्हणतात. तेवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा अंगात कसकस कधी आली, त्या दिवशी काय करत होते, कामावर गेले होते का, असं खोदून विचारा. तो पहिला दिवस. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा आणि रोज एक वाढवा.

हा आकडा काय सांगतो? डेंग्यूचा धोक्याचा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. म्हणजे "ताप गेला, बरं वाटेल आता" असं घरचे म्हणत असतात तेव्हाच पोटदुखी, सतत उलट्या, ग्लानी सुरू होते. दहाव्या दिवशी नव्याने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला डेंग्यूचं लेबल लावण्याआधी दोनदा विचार करा. स्क्रब टायफस पहिला आठवडा साध्या तापासारखा काढतो. फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू बहुधा दुसऱ्या आठवड्यात बिघडतात. टायफॉइडमध्ये आतड्याला भोक पडण्याची भीती तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. लेप्टोची कावीळ पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसू लागते. फाल्सिपॅरम, म्हणजे सगळ्यात घातक मलेरिया, मात्र कुठलंच पंचांग पाळत नाही. सकाळी चालत आलेला माणूस रात्री बेशुद्ध होऊ शकतो.

प्रवासाची चौकशीही दिवसांतच करा. मलेरियाच्या भागात पोचून आठवडाही झाला नसेल तर ताप त्या प्रवासातल्या फाल्सिपॅरमचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. डेंग्यूच्या भागातून निघून १४ दिवस उलटल्यावर ताप आला असेल तर डेंग्यू यादीतून काढता येतो. साचलेल्या पाण्यात चालणं, उंदीर, गुरं, शेतातलं वा झुडपातलं काम, जंगल, गोचीड, आधी घेतलेल्या गोळ्या हे सगळं विचारा. मधुमेह असेल तर मेलिऑयडोसिस (माती-पाण्यातल्या एका जंतूचा संसर्ग) डोक्यात ठेवा, त्याचं कारण पुढे येतं.

एक अपवाद लगेच सांगतो. रक्तस्राव होतोय आणि गोचीड, जनावरांची कत्तल किंवा तशाच तापाने दगावलेल्या माणसाची सेवा असा इतिहास निघाला, तर आधी रुग्णाला वेगळ्या खोलीत घ्या, स्वतः पूर्ण संरक्षण चढवा आणि मगच सुई हातात घ्या. क्रायमियन-काँगो, इबोला, लासा हे ताप आयसीयूतल्या माणसांनाही सोडत नाहीत.

पायरी ३: अंग पूर्ण उघडून पाहा

स्क्रब टायफसचं निदान करणारी सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे टॉर्च. चिगर नावाची सूक्ष्म अळी जिथे चावते तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या नाडीची जागा, कानामागे, जननेंद्रियांजवळ, म्हणजे आपण संकोचाने जिथे बघत नाही नेमकं तिथे ती सापडते. घामट घडीत काळी खपली नसतेच, फिकट उथळ व्रण असतो. पडदा लावा, स्त्री रुग्ण असेल तर सिस्टरना सोबत घ्या, आणि बघा. अंघोळ घालताना परिचारिकेला दिसलेल्या खपलीने निदान लागल्याचं मी एकाहून अधिक वेळा पाहिलंय. खपली नाही म्हणून स्क्रब नाही असं मात्र होत नाही.

डोळे लाल पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबल्या की रुग्ण कळवळतो, सोबत कावीळ असेल तर लेप्टो. मान ताठ आहे का, प्लीहा हाताला लागते का, त्वचेवर रक्ताचे ठिपके आहेत का, एवढं पाहून पुढे चला.

पायरी ४: आधी नळ्या, मग औषध

अँटिबायोटिकआधी रक्ताचे दोन कल्चर घ्या. नंतर घेतलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर ते काहीच सांगत नाही. मलेरियासाठी जाड आणि पातळ, दोन्ही स्मिअर (काचेवर पसरून तपासलेलं रक्त) आणि झटपट किट. एक स्मिअर निगेटिव्ह आलं म्हणजे मलेरिया सुटला नाही. संशय असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, असं तीनदा. किट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून मागच्या महिन्यात मलेरिया होऊन गेलेल्यात किटवर नव्हे, स्मिअरवर विश्वास ठेवा.

डेंग्यूचा एनएस१ (विषाणूचं प्रथिन) साधारण पहिल्या पाच दिवसांत कामाचा, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) त्यानंतर. स्क्रब आणि लेप्टोच्या आयजीएमलाही आठवडाभर वेळ द्यावा लागतो. इथे पुन्हा तोच कितवा दिवस. चौथ्या दिवशी निगेटिव्ह आलेल्या आयजीएमवरून डॉक्सिसायक्लिन (स्क्रबचं औषध) बंद करणं ही चूक वारंवार होते. उलट बाजूही आहे. आयजीएम जुन्या संसर्गाचंही उरलेलं असू शकतं, आणि एकाच रुग्णात दोन ताप एकत्र असतात. एक नाव सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नका.

साध्या तपासण्या नीट वाचल्या तर बरंच बोलतात. बिलिरुबिन २० वर गेलंय पण यकृताची एन्झाइम्स शे-दोनशेतच आहेत, क्रिॲटिनिन वाढलंय तरी लघवी होतेय आणि पोटॅशियम कमी आहे, हे लेप्टोचं चित्र. एन्झाइम्स हजारांत आणि त्यात एएसटी पुढे, पांढऱ्या पेशी कमी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) चढता, म्हणजे डेंग्यू. आणि प्लेटलेट? त्या या सगळ्याच तापांत घसरतात. "प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू" या समीकरणामुळे मलेरिया आणि स्क्रबचे किती रुग्ण नुसत्या सलाईनवर पडून राहतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पायरी ५: पहिल्या तासातली औषधं

नाव कळेपर्यंत थांबायचं नाही. बरे होऊ शकणाऱ्या तापांना आधी औषध, निदान मागून. शॉक असेल तर पहिल्या तासातच.

माझा पहिला डाव सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून आणि डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, पुढे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. यात टायफॉइड, लेप्टो, स्क्रब आणि नेहमीचे बरेच जंतू येतात. शिरेतलं डॉक्सिसायक्लिन हाताशी नसेल तर नाकातल्या नळीतून द्या, पण त्याच वेळी अँटासिड नको, ते औषध शोषूच देत नाही. गरोदर स्त्रीला अ‍ॅझिथ्रोमायसिन. मेंदूज्वराचा संशय असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन दर १२ तासांनी २ ग्रॅम.

स्क्रब टायफस खरोखर गंभीर असेल तर एकट्या डॉक्सिसायक्लिनवर भागवू नका. भारतात झालेली एक मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन सात दिवस एकत्र दिलेल्यांत मृत्यू, टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप यांचं एकत्रित प्रमाण ३३ टक्के होतं. एकेकटं औषध दिलेल्या गटांत ते ४७-४८ टक्के. मृत्यूंच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, हेही लक्षात असू द्या.

मलेरिया सापडला, किंवा दाट संशय आहे आणि तपासणीला वेळ लागणार आहे, तर आर्टेसुनेट. किलोला २.४ मिलिग्रॅम, शून्य, १२ आणि २४ तासांना, मग रोज एकदा. २० किलोंखालच्या मुलांना किलोला ३ मिलिग्रॅम. मूत्रपिंड निकामी असो वा यकृत, मात्रा कमी करायची नाही. पहिल्या डोसनंतर रुग्ण उठून बसला तरी निदान २४ तासांचे तिन्ही डोस पुरे करा, आणि नंतर तोंडातून तीन दिवसांचा पूर्ण संयुक्त कोर्स. २००५ मध्ये आग्नेय आणि दक्षिण आशियातल्या चाचणीत क्विनीन घेणाऱ्यांतले २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेणाऱ्यांतले १५. आर्टेसुनेट मिळत असताना क्विनीन लटकवण्याला आता कुठलंच कारण उरलेलं नाही.

मेलिऑयडोसिसबद्दल सांगायचं होतं. मधुमेही रुग्ण, फुप्फुसात किंवा यकृत-प्लीहेत गळवं, आणि सेफ्ट्रायॅक्सोनवर सुधारणा नाही. तो जंतू सेफ्ट्रायॅक्सोनला दाद देईलच असं नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागतं. प्रयोगशाळेला संशय तोंडी कळवा, नाहीतर कल्चरमधली वाढ "दूषित नमुना" म्हणून फेकली जाते.

पायरी ६: सलाईन किती?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

शॉक दिसला की पाणी भराभर द्यायचं, हे आपल्या हातांत भिनलंय. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या तीन हजारांहून अधिक आजारी मुलांवरच्या चाचणीत भराभर सलाईन दिलेल्यांतली सुमारे साडेदहा टक्के मुलं ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांतली ७.३ टक्के. २०१७ मध्ये झांबियातल्या प्रौढांवरच्या चाचणीतही आक्रमकपणे पाणी देणाऱ्या गटात ४८ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ३३. दोन्ही ठिकाणी व्हेंटिलेटर जवळजवळ नव्हते, हे खरं. पण व्हेंटिलेटर आहे म्हणून फुप्फुसं भिजवावीत असं कुठे आहे?

ताप वेगळा, तसं पाणी वेगळं. डेंग्यूत रक्तवाहिन्या गळत असतात आणि पाणी हाच उपचार आहे, पण मोजून. रक्तदाब टिकून आहे पण शॉकची लक्षणं आहेत, तर तासाला किलोमागे ५ ते १० मिलिलिटर. रक्तदाब कोसळलाय, तर १० ते २० मिलिलिटर, १५ ते ३० मिनिटांत. मग हिमॅटोक्रिट बघून दर काही तासांनी वेग उतरवत न्यायचा. पहिल्या दिवशीचं ३६ होतं आणि आज ४६ झालं, तर गळती जोरात आहे. हिमॅटोक्रिट घसरतंय आणि रुग्णही बिघडतोय, तर आत कुठेतरी रक्त जातंय. पाणी नको, रक्त द्या. हिमॅटोक्रिट घसरतंय, लघवी भरपूर, भूक लागतेय, तर बाहेर झिरपलेलं पाणी परत येतंय. आता सलाईन बंद. या घडीला चालू राहिलेली बाटली फुप्फुसांत उतरते. डेंग्यूतून वाचलेला माणूस सातव्या दिवशी पाण्याने गुदमरतो तो असा. नाडी आणि रक्तदाबाचं अंतर ठीक असेल तर लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर पुरते, जास्तीचा हव्यास नको.

मलेरियात याच्या उलट. परजीवींनी भरलेल्या लाल पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकल्यामुळे लॅक्टेट चढतं, ते पाण्याने उतरत नाही. रक्तदाब खरोखर पडला नसेल तर बोलस (एकदम भराभर दिलेलं पाणी) नको. स्क्रब, लेप्टो किंवा जंतुसंसर्गाचा शॉक असेल तर ५०० मिलिलिटर अर्ध्या तासात, मग थांबून छाती ऐका, नखाचा रंग बघा, जमल्यास सोनोग्राफीने फुप्फुस पाहा, आणि मगच पुढचे ५००. किलोमागे ३० मिलिलिटरचा जो आकडा पाठ केलेला असतो त्याला मी या तापांत उद्दिष्ट मानत नाही, कमाल मर्यादा मानतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारं औषध) लवकर सुरू करा, सरासरी रक्तदाब ६५ धरून. मोठी शीर मिळेपर्यंत हातातल्या चांगल्या शिरेतून काही तास चालतं, जागेवर नजर ठेवून.

पायरी ७: एकेक अवयव

फुप्फुसं. व्हेंटिलेटरवरचं श्वासाचं माप उंचीवरून काढा, वजनकाट्यावरून नव्हे. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबी वजन ६६ किलो, त्याला किलोमागे ६ मिलिलिटर म्हणजे साधारण ४००. प्लॅटो दाब (श्वास भरून थांबल्यावर फुप्फुसांतला दाब) ३० च्या आत. ऑक्सिजनचं गुणोत्तर (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेला ऑक्सिजन) १५० च्या खाली अडलं तर रुग्णाला पालथं घाला, दिवसाला निदान १६ तास. मास्कवर चालवून बघायचं तर तासाभराची मुदत ठरवून. लेप्टोत फुप्फुसातला रक्तस्राव फसवतो. थुंकीत रक्त नसतं, पण एक्स-रे पांढरा होत जातो आणि हिमोग्लोबिन उतरत जातं. अशा रुग्णाची ट्यूब सारखी सक्शन करू नका.

मूत्रपिंडं. आकडा वाढला म्हणून डायलिसिस, असं करायची गरज नाही. घाईने सुरू केल्याने मृत्यू कमी होत नाहीत हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पोटॅशियम उतरत नाही, आम्ल हटत नाही, फुप्फुसात पाणी आहे, युरियाने शुद्ध हरपतेय, यांपैकी काही असेल तर मात्र एक तासही दवडू नका. लेप्टोत दिवसाआडऐवजी रोज डायलिसिस केलेलं बरं. रक्ताचं डायलिसिस शक्य असताना पोटातलं निवडू नका. व्हिएतनाममधल्या २००२ च्या चाचणीत पोटाच्या डायलिसिसवर ४७ टक्के दगावले, हिमोफिल्ट्रेशनवर (यंत्रातून रक्त गाळण्यावर) १५. बरं होताना लेप्टोचे रुग्ण लिटरच्या लिटर लघवी करतात, तेव्हा पोटॅशियम दिवसातून दोनदा बघा. जेंटामायसिन, अमिकासिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सगळ्या काळात वर्ज्य.

मेंदू. झटका म्हणजे सगळं अंग थरथरणं असंच नाही. एका बोटाची फडफड, पापणीची चाळवाचाळव, एकीकडे खेचलेली नजर एवढंच असतं. स्टिरॉइडचा मोह होतो, पण मेंदूच्या मलेरियात डेक्सामिथॅसोनने बेशुद्धी लांबते हे १९८२ पासून माहीत आहे. गंभीर टायफॉइडमध्ये मात्र तेच औषध जीव वाचवतं: ग्लानी किंवा शॉक असेल तर पहिला डोस किलोला ३ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी किलोला १ मिलिग्रॅमचे आठ डोस. नाव शोधण्याची धडपड इथे कामी येते.

रक्त. वाहत नसलेल्या रक्तासाठी प्लेटलेट चढवू नका. डेंग्यूत २०,००० किंवा त्याखाली असलेल्या प्रौढांनाही नुसत्या प्रतिबंधासाठी दिल्याने रक्तस्राव कमी झाला नाही, असं सिंगापूर-मलेशियातल्या २०१७ च्या चाचणीने दाखवलं. नातेवाईक पिशव्यांच्या शोधात धावत असतात, त्यांना हे पहिल्याच भेटीत समजावा, रात्री दोनला नव्हे. आणि रोगाला साजेसं औषध चालू असूनही ताप हटत नाही, तिन्ही पेशी घसरताहेत, फेरिटिन दहा हजारांच्या पुढे, तर प्रतिकारशक्तीच बेभान झाल्याची शंका घ्या आणि रक्तविकारतज्ज्ञांना बोलवा.

पायरी ८: ४८ तासांनी पुन्हा पहिल्यापासून

स्क्रबचा ताप डॉक्सिसायक्लिनवर बहुधा दोन दिवसांत उतरतो. उतरला नाही तर निदान तपासा. टायफॉइड याला अपवाद, तिथे योग्य औषधावरही चार-पाच दिवस ताप राहतो; तेवढ्यासाठी अँटिबायोटिक बदलू नका. मलेरियात परजीवींची मोजणी रोज करा. पहिल्या १२ तासांत ती थोडी वाढली तर घाबरायचं नाही, तिसऱ्या दिवशी जेमतेम हलली असेल तर काळजी. लागण नक्की कळली की उरलेली औषधं निर्दयपणे काढून टाका. आणि आयसीयूतल्या पाचव्या-सहाव्या दिवशी नव्याने आलेला ताप बहुतेकदा डासाचा नसतो, आपण घातलेल्या नळ्यांचा असतो.

सुट्टी देताना

आर्टेसुनेट मिळालेल्या रुग्णाच्या लाल पेशी बरं झाल्यावर, साधारण एक ते चार आठवड्यांनी, अचानक फुटू शकतात. तोवर तो घरी असतो, थकवा अशक्तपणावर ढकलतो. म्हणून चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन, आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी परत या, असं कार्डावर लिहून द्या. व्हायवॅक्स मलेरिया असेल तर प्रायमाक्विनआधी जी६पीडीची तपासणी (हे एन्झाइम कमी असेल तर त्या औषधाने लाल पेशी फुटतात). मूत्रपिंडं बिघडलेल्या प्रत्येकाला क्रिॲटिनिनसाठी पुढची तारीख. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तापाचा पहिला दिवस कुठला होता तेही लिहा. पुढच्या डॉक्टरला त्याच प्रश्नापासून सुरुवात करायची आहे.